ट्रक बंद पडला, पुन्हा सुरू होत नाही : मिस्त्री येण्याआधी काय पाहावे?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे आपली कितीतरी घरं ट्रक-टेम्पोवर चालतात. कुणी स्वतः चालवतो, कुणाचं गॅरेज आहे, कुणी एमआयडीसीचा माल भरतो. काटई-बदलापूर रस्त्यावर गाडी बंद पडली की पहिला फोन घरी येतो : "चालता चालता बंद झाली, आता चालूच होत नाही." आम्ही मेकॅनिक नाही, मास्तर आहोत. पण उस्ताद लोकांकडे बसून जे समजून घेतलं, ते इथे मांडतो.

आधी सुरक्षा. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि एअर ब्रेकच्या गाडीत नवी हवा भरणं थांबतं. म्हणून उरलेल्या हवेतच गाडी डावीकडे घ्या. मग हँडब्रेक, चाकाला दगड, चारही इंडिकेटर आणि मागे लाल त्रिकोण.

आता आठवा, इंजिन मेलं कसं? बटण दाबल्यासारखं एकदम बंद झालं असेल तर बहुतेक वेळा दोष करंटचा निघतो : फ्यूज, रिले, बॅटरीची ढिली टर्मिनल, इंजिन बंद करणारा सोलेनॉइड, नव्या गाडीत क्रँक सेन्सर. जुन्या गाडीत बंद करायची खेचायची केबल अर्धवट ओढलेली राहते, तीही बघा (हसू नका, असं होतं). पण धक्के देत, ताकद सोडत बंद पडलं असेल तर डिझेल नीट पोहोचत नाही असं समजा.

मग एकदा सेल्फ मारा. नुसतं 'टक' झालं, दिवे मंदावले, तर बॅटरी, टर्मिनल, अर्थची पट्टी तपासा. बॅटरी चांगली असून इंजिन जराही फिरत नसेल तर जबरदस्ती नको. ऑइल आणि पाणी बघा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल आत जात नाही. पांढरा धूर म्हणजे डिझेल जातंय, पण जळत नाही. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारा, मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबा. नाहीतर बॅटरी बसते, सेल्फ जळतो आणि एका बिघाडाचे तीन होतात.

डिझेलच्या बाबतीत सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे 'एअर घेणं'. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन डिझेल ओढत असते. तिथे रबरी पाइपला चीर पडली तर डिझेल बाहेर टपकतंच असं नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरातल्या ट्रकचा पंप एका गॅरेजवाल्याने दोनदा खोलला. शेवटी निघाली काय, टाकीजवळची तडकलेली नळी! परीक्षा सोपी आहे. फीड पंपाला टाकीऐवजी स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून नळी द्या आणि एअर काढा. इंजिन नीट चाललं तर दोष टाकी किंवा त्या लाईनमध्ये आहे, पंपात नाही. टाकीचं झाकण उघडल्यावर 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली आणि मग गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय.

जुन्या पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून हँड पंप मारतात. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू कसायचा. बीएस-4 देशभर 2017 पासून आणि बीएस-6 2020 पासून लागू झालं. तेव्हापासूनच्या बहुतेक ट्रकमध्ये कॉमन रेल आहे. त्यात प्रेशर हजार बारच्या वर जातं. त्याचे नट सैल करून एअर काढायला जाऊ नका, धार कातडीतून आत शिरते. तिथे स्कॅनर लावून कोड आणि रेल प्रेशर बघणंच बरं. गरम झाल्यावर बंद आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू, असं वारंवार होत असेल तर सेन्सरवर आधी संशय घ्या. डीईएफ संपलं तर गाडीची ताकद कमी होते, चालतं इंजिन सहसा त्याने एकदम मरत नाही.

पावसाचं वेगळं आहे. 26 जुलै 2005 आणि 27 जुलै 2019 ला उल्हास नदीचं पाणी बदलापूरकरांनी पाहिलंय. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारूच नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टोचन करून बाहेर काढा, इंजेक्टर काढून आतलं पाणी निघू द्या, ऑइल बदला.

मिस्त्रीला फोन कराल तेव्हा "गाडी बंद" एवढंच सांगू नका. एकदम मेली की धक्के देत, सेल्फ फिरतो का, धूर कसला, शेवटचं डिझेल कुठे भरलं, फिल्टर कधी बदलला, हे सांगा. पार्ट बदलला तर जुना मागून घ्या, आणि स्कॅनरवर आलेला कोड बिलावर लिहून घ्या.