कोऱ्या डीव्हीडीची गुणवत्ता-चाचणी आणि इतिहाससाधनांचे बहिरंग परीक्षण : मराठवाड्याच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

साधनांचे बहिरंग व अंतरंग परीक्षण हा इतिहासलेखनपद्धतीच्या अभ्यासक्रमातील पहिला पाठ होय. मोडी कागद हाती आला की अभ्यासक तो उजेडासमोर धरतो, कागद जुन्नरी की दौलताबादी याचा अंदाज घेतो, शाई, शिक्का व अक्षराचे वळण पाहतो आणि मगच मजकुराकडे वळतो. दौलताबाद-खुलताबाद मार्गावरील कागजीपुरा येथे हातकागद तयार करण्याची परंपरा मुहम्मद तुघलकाच्या काळापर्यंत मागे नेली जाते. खळ दिलेला व घोटून गुळगुळीत केलेला हा कागद दप्तरांत मान्यता पावला, कारण तो विकत घेणाऱ्यास त्याची पारख होती.

इ.स. २००० नंतरच्या पहिल्या दशकात हस्तलिखितांच्या प्रतिमा, मौखिक इतिहासाच्या मुलाखती आणि शोधप्रबंध ज्या वाहकावर उतरले, त्या कोऱ्या डीव्हीडीची अशी पारख आपण केली काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. उत्तर नकारार्थी आहे. पारख करण्याची रीत त्याच काळात उपलब्ध असल्याने हा नकार अधिक खटकतो.

तबकडीची रचना आणि त्रुटींचा हिशेब

डीव्हीडी ही १२० मिलिमीटर व्यासाची, प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन पॉलिकार्बोनेट चकत्या एकमेकींस चिकटवून केलेली तबकडी असते. एकदाच लिहिता येणाऱ्या प्रकारात या दोहोंच्या मध्ये सेंद्रिय रंजकद्रव्याचा एक अतिशय पातळ थर व त्यामागे धातूचा परावर्तक थर असतो. लेखनाच्या वेळी लेसरच्या उष्णतेने रंजकद्रव्यात कायमचा बदल घडतो आणि त्या खुणा पुढे वाचल्या जातात. हे रंजकद्रव्य तबकडी वेगाने फिरवून पसरविले जात असल्याने बाह्य कडेजवळ थर असमान होण्याचा संभव अधिक असतो. लेखन मात्र केंद्राकडून कडेकडे जाते. या दोन गोष्टी एकत्र घेतल्या की अनेक तबकड्यांत आरंभीचा मजकूर शाबूत आणि शेवटचा नष्ट असे का आढळते, याचा उलगडा होतो.

तबकडीवर एकही चूक नाही असे कधीच नसते. त्या चुका वाचकयंत्र दुरुस्त करते आणि ही दुरुस्तीची योजना आपल्या जुन्या कारकुनांच्या ताळ्यासारखी आहे. वहीत आडव्या व उभ्या बेरजा मांडल्या की एखादा आकडा पुसला गेला तरी तो शोधून काढता येतो. डीव्हीडीवर मजकुराचे १९२ ओळी आणि प्रत्येक ओळीत १७२ बाइट असे ठोकळे केले जातात. प्रत्येक ओळीस १० बाइटांची आडवी पुरवणी व संपूर्ण ठोकळ्यास १६ ओळींची उभी पुरवणी जोडली जाते, म्हणजे एकूण २०८ ओळी होतात. आडव्या पुरवणीच्या बळावर एका ओळीतील पाच बाइटांपर्यंतच्या चुका सुधारता येतात. ज्या ओळीत किमान एक चूक आहे ती ‘पीआय त्रुटी’ म्हणून मोजली जाते. सलग आठ ठोकळ्यांत अशा ओळी २८० पेक्षा अधिक नसाव्यात, अशी मानकाची मर्यादा आहे. आठ ठोकळ्यांत १६६४ ओळी असतात. याचा अर्थ असा की सुमारे १७ टक्के ओळींत दोष असूनही तबकडी मानकात बसते, आणि पडद्यावर चित्र निर्दोष दिसते.

येथेच कागद आणि तबकडी यांतील मूलभूत भेद आहे. कसर लागलेला कागद डोळ्यांना दिसतो, वाळवीची वाट दिसते, शाई फिकी पडल्याचे कळते. तबकडी आपला ऱ्हास लपविते. दुरुस्तीची शक्ती पुरते तोपर्यंत ती नव्यासारखी चालते, आणि ती शक्ती संपली की एकाएकी मूक होते. म्हणून ‘उघडून पाहिली, चालते’ ही आपल्या कार्यालयांतील प्रचलित तपासणी वस्तुतः तपासणीच नव्हे. तबकडी चालते की नाही यापेक्षा मर्यादेपर्यंत पोहोचण्यास तिला किती अवकाश उरला आहे, हे पाहावयास हवे होते.

चाचणीची साधने आणि त्यांच्या मर्यादा

हा अवकाश मोजण्याची सोय त्या दशकात दोन पातळ्यांवर होती. कारखाने व मोठे अभिलेखागार यांच्यापाशी स्वतंत्र, महागडी परीक्षणयंत्रे असत. सामान्य ग्राहकास मात्र लाइट-ऑन, बेन्क्यू, प्लेक्स्टर यांसारख्या काही रायटरवर केप्रोब, नीरो सीडी-डीव्हीडी स्पीड वा प्लेक्सटूल्स ही सॉफ्टवेअर चालवून तबकडीच्या संपूर्ण पृष्ठाचा त्रुटी-आलेख काढता येत असे. आलेख केंद्रापासून कडेपर्यंत सपाट राहिला तर लेखन चांगले, कडेकडे चढत गेला तर धोक्याची सूचना, इतके वाचन कोणासही जमण्यासारखे होते.

या पद्धतीच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. घरगुती रायटरने दिलेला आकडा निरपेक्ष नसतो. तीच तबकडी दुसऱ्या रायटरवर वेगळा आकडा देते. शिवाय लेखनाची गुणवत्ता एकट्या तबकडीवर ठरत नाही. प्रत्येक कोऱ्या तबकडीवर निर्मात्याचा एक सांकेतिक क्रमांक असतो. रायटर तो वाचून लेसरची शक्ती व लेखनाची रीत ठरवितो, आणि क्रमांक अपरिचित असल्यास सर्वसाधारण रीतीने काम भागवितो. त्यामुळे एकाच डब्यातील तबकड्या दोन संगणकांवर दोन दर्जाच्या ठरू शकत. वेष्टनावरील नाव तर फारसे उपयोगाचे नव्हतेच, कारण अनेक नामांकित कंपन्या आपल्या तबकड्या इतरांकडून बनवून घेत. त्या इतरांत १९८३ मध्ये दीपक पुरी यांनी स्थापन केलेली, फ्लॉपीपासून आरंभ करून १९९९ मध्ये सीडी-आरच्या उत्पादनात उतरलेली आणि पुढे जगातील अग्रगण्य उत्पादकांत गणली गेलेली मोझर बेअर ही भारतीय कंपनीही होती. २०१८ मध्ये ती अवसायनात निघाली.

आंतरराष्ट्रीय पातळीवर इशारे वेळेवर दिले गेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये सीडी-डीव्हीडीच्या हाताळणीविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि २००४ मध्ये त्याच संस्थेतील संशोधकांनी उष्णता, आर्द्रता व प्रकाश यांच्या माऱ्याखाली तबकड्यांतील त्रुटी कशा वाढतात याचा अभ्यास मांडला. युनेस्कोसाठी केविन ब्रॅडली यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या अहवालात अभिलेखागारांनी अशा तबकड्यांवर विश्वासून राहू नये, वापरल्याच तर चाचणीसह वापराव्यात, असे प्रतिपादन होते. २००३ च्या मार्गदर्शिकेने दीर्घकालीन साठवणीसाठी २० अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान आणि ५० टक्क्यांपर्यंतची आर्द्रता सुचविली आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या आमच्या शहरातील लोखंडी कपाटांविषयी यापेक्षा अधिक काय सांगावे?

खरेदीचा व्यवहार

वस्तू पारखल्याविना वारशाच्या कामी लावण्याचा अनुभव या जिल्ह्यास नवा नाही. निजामाच्या राजवटीत १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर संरक्षणार्थ लाखेचे रोगण दिले. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु काळाच्या ओघात ते रोगण पिवळे पडले, चित्रांचे रंग त्याखाली झाकोळले आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांना ते काढण्याचे कष्ट घ्यावे लागले. त्या काळी रोगणाचे भविष्य आजमावण्याची सोय मर्यादित होती, असा बचाव करता येईल. डीव्हीडीच्या बाबतीत तो करता येणार नाही.

महाविद्यालयीन खरेदीत कोरी डीव्हीडी ‘लेखनसामग्री’ या शीर्षाखाली येई. तीन दरपत्रके मागवावीत, किमान दराचे स्वीकारावे, पन्नासांचा डबा साठा नोंदवहीत चढवावा, हा क्रम होता. रजिस्टर आणि टाचण्या यांच्या ओळीत बसलेली वस्तू टाचण्यांच्याच निकषाने निवडली गेली, यात लिपिकाचा दोष नाही. आपण अध्यापकांनी मागणीपत्रात सांकेतिक क्रमांक, रंजकद्रव्य वा लेखनाचा वेग यांचा उल्लेख कधी केलाच नाही. भरीस भर म्हणून तबकडीवर कागदी लेबल डिंकाने चिकटविण्याची प्रथा पडली. अशा लेबलांमुळे फिरणाऱ्या तबकडीचा तोल बिघडतो, म्हणून उपरोक्त मार्गदर्शिकेत ती टाळण्यास सांगितले आहे.

एका कपाटातील तबकड्या

प्रस्तुत लेखकाने एम.ए.च्या विद्यार्थिदशेत हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सहभागी व्यक्तींच्या मुलाखती चित्रित करण्याच्या एका उपक्रमात साहाय्य केले होते. कॅमेऱ्याच्या कॅसेट महाग असल्याने मुलाखत डीव्हीडीवर उतरविली की तीच कॅसेट पुन्हा वापरली जाई. डीव्हीडी स्वस्त होती, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवली गेली आणि तीच एकमेव प्रत ठरली. मुलाखत देणारे बहुतेक सर्वजण आज हयात नाहीत.

काही वर्षांपूर्वी ते कपाट उघडले तेव्हा काही तबकड्या सुरळीत चालल्या, तर काही यंत्राने ओळखल्याच नाहीत. सरहद्दीवरील केंद्रातील कार्यकर्त्यांना रात्री भाकरी पोहोचविणाऱ्या एका आजींची मुलाखत अर्ध्यापर्यंत चालून थबकली. चित्राचे चौकोन झाले, आवाज तुटला आणि त्या पोलीस कारवाईनंतर गावात काय घडले ते सांगू लागल्या होत्या तेथेच सर्व थांबले. मराठवाड्याच्या इतिहासात ज्याविषयी लोक सर्वांत कमी बोलले, तोच नेमका तबकडीच्या कडेकडचा भाग.

भंगारातून मिळविलेल्या एका जुन्या रायटरवर, अत्यल्प वेगाने व पुनःपुन्हा वाचन करून त्यापुढील काही मिनिटे हाती लागली. एका यंत्रास न वाचता आलेला भाग दुसऱ्यास वाचता येतो आणि डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने असे तुकडे जुळविता येतात, हे त्या निमित्ताने शिकलो. आता प्रत्येक मुलाखतीच्या नोंदपत्रात निवेदकाचे नाव, गाव व दिनांक यांच्याखाली तबकडीचा सांकेतिक क्रमांक, वाचनासाठी वापरलेले यंत्र, त्रुटी-आलेख आणि न वाचता आलेल्या भागाची सुरुवात व शेवट या बाबी लिहितो. मोडी कागदाच्या वर्णनात ‘उजवा कोपरा फाटला आहे, तीन ओळी गहाळ’ असे लिहितात, त्याच धर्तीची ही नोंद आहे.

आजींच्या तबकडीवरचे लेबल ओलसर कापडाने सोडविण्याचा मोह होतो, पण ते ओढताना चकत्या विलग होण्याची भीती असल्याने तसेच ठेवले आहे. तबकडी मूळ डब्यातून काढून उभ्या पेटीत, कपाटाच्या सर्वांत खालच्या व त्यातल्या त्यात थंड कप्प्यात ठेवली असून दुसऱ्या बनावटीच्या रायटरचा शोध चालू आहे.