२१ ग्रॅमचा मागोवा

माणूस मेला की त्याचं वजन २१ ग्रॅमने घटतं, म्हणजे आत्मा तेवढ्या वजनाचा, असं 'विज्ञानाने सिद्ध' झालेलं वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत येतं. ते जगभर पोचवण्यात मोठा वाटा दिग्दर्शक इन्यारितूच्या २००३ सालच्या '२१ ग्रॅम्स' या चित्रपटाचा. आकडा त्याहून जवळपास शंभर वर्षांनी जुना, आणि मुळात तो ग्रॅममध्ये नव्हताच.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरिल गावचे डॉक्टर डंकन मॅकडूगल यांनी १९०१ पासून मरणासन्न रुग्णांना खाटेसकट वजनकाट्यावर ठेवायला सुरुवात केली. क्षयाचे रुग्ण त्यांना सोयीचे वाटले. इतका थकलेला माणूस तडफडून काटा हलवत नाही. पहिला रुग्ण तीन तास चाळीस मिनिटं काट्यावर होता. घाम आणि श्वासावाटे त्याचं वजन तासाला साधारण एक औंस कमी होत होतं. प्राण गेला तेव्हा दांडी आवाज करत खाली आली: घट पाऊण औंस. हेच ते २१ ग्रॅम.

रुग्ण एकूण सहा. दोघांची मोजमापं मॅकडूगल यांनी स्वतःच बाद केली, दोघांचं वजन टप्प्याटप्प्याने घटलं, एकाच्या वेळी काटाच पुढे विचित्र वागला. म्हणजे जगप्रसिद्ध आकडा एका माणसाच्या मृत्यूवर उभा आहे. त्यांनी १५ कुत्र्यांवरही हाच प्रयोग केला. वजन घटलं नाही, म्हणून कुत्र्यांना माणसासारखा आत्मा नाही, असा त्यांचा कौल. आपल्याकडे हा संदेश भक्तिभावाने पुढे ढकलणारे एवढं कलम नेमकं गाळतात. कुत्र्याला मागे ठेवून स्वर्गात जायला नकार देणारा युधिष्ठिर ज्यांच्या घरात आहे, त्यांना ते पचणारही नाही.

मार्च १९०७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी छापली, मग 'अमेरिकन मेडिसिन'मध्ये लेख आला. डॉ. ऑगस्टस क्लार्क यांनी लगेच हरकत घेतली. श्वास थांबला की फुप्फुसांतून रक्त थंड होणं थांबतं, शरीर क्षणभर तापतं आणि घाम सुटतो. कुत्र्यांना माणसासारखा घाम येत नाही, म्हणून त्यांचं वजन जागच्या जागी. या घामाचा हिशेब वैद्यकाला नवा नव्हता. इटलीतला वैद्य सान्तोरिओ वर्षानुवर्षं तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून खाणं, पिणं, उत्सर्जन तोलत राहिला आणि शरीर न दिसता किती गमावतं हे त्याने १६१४ साली ग्रंथात मांडलं.

पण जीव तोलायची कल्पना याहून फार जुनी, आणि ती आपल्याच उपखंडातली. बौद्धांच्या दीघनिकायातल्या पायासी सुत्तात कोसलातल्या सेतव्याचा अधिपती पायासी परलोक मानत नाही. तो चोराला जिवंतपणी तोलतो, गळा आवळून मारतो, पुन्हा तोलतो. प्रेत जड भरतं! जैनांच्या रायपसेणीय सूत्रात राजा पएसी हाच प्रयोग सांगतो. तिथे वजन तितकंच. मॅकडूगलकडे ते घटलं. तराजूतून निघू शकतील ती तिन्ही उत्तरं अशी नोंदली गेली आहेत. शिवाय मॅकडूगल आत्मा सापडावा म्हणून तोलत होते, पायासी तो नाही हे दाखवायला. क्रूर असला तरी प्रयोगकर्ता म्हणून पायासी मला अधिक चौकस वाटतो: एका चोराला त्याने मडक्यात कोंडून, तोंड लिंपून भट्टीवर चढवलं आणि मग जीव बाहेर पडताना दिसतो का ते पाहिलं.

प्रतिवाद तेव्हाही तयारच होता. पायासीशी वाद घालणारा भिक्षू कुमार कस्सप म्हणतो, लोखंडाचा गोळा तापला की हलका होतो, तसं जिवंत शरीर. जैन कथेतला केशीकुमार हवा भरलेल्या पिशवीचा दाखला देतो: भरा की रिकामी करा, वजन तेच. आजच्या काट्यावर दोन्ही दाखले टिकणार नाहीत. पायासी मात्र अखेर नमतो, आणि नमताना सांगतो की पहिल्याच दाखल्याने त्याचं समाधान झालं होतं. कस्सपाची हजरजबाबी उत्तरं ऐकायची हौस म्हणून त्याने वाद लांबवला.