परळ गेलं, ते ठाण्यात आलं

टेंभी नाक्यावरून रिक्षाने पोखरण रोडला गेलात, की रेमंडच्या जागेवर उंच टॉवर दिसतात. तिथे पूर्वी लोकरी कापडाची गिरणी होती. शहर असं बदलत असतानाच ते रंगवून ठेवणारा एक चित्रकार ठाण्यात राहत होता.

सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९चा, पुण्यातला. डॉक्टर झाल्यावर ते १९७३ साली मुंबईला आले आणि १९७५पासून तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. एक्स-रेचं काम सांभाळून चित्रं काढायची, असं २००५पर्यंत चाललं. मग ते पूर्णवेळ चित्रकार झाले.

त्यांच्या ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०) या सुरुवातीच्या चित्रांत माणूस मोठा आहे. साध्या, कष्टाच्या शरीरांना तिथे ऐसपैस जागा आहे. ‘लोअर परळ’पर्यंत (२००१) येताना शहर पसरतं आणि माणसं लहान होतात.

या दोन टप्प्यांच्या मध्ये काय घडलं? १९८२चा गिरणी संप. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि असंख्य जण कामावर परतलेच नाहीत. पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींवर नव्या बांधकामाची वाट मोकळी केली. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. चाळीतली खोली विकून कितीतरी कुटुंबं ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे सरकली. तुमच्या बिल्डिंगमध्येही अशा घरातलं कुणीतरी असेल.

म्हणून ‘लोअर परळ’ हे ठाणेकरांचंही चित्र आहे. परळ सोडून माणसं जिथे आली, तिथेही आता गिरणीच्या जागी टॉवर आहेत. खोलीचे पैसे मिळतात. पण महिनाअखेरीला उधारी देणारा वाणी, पोरांवर लक्ष ठेवणारी शेजारीण, रात्री गप्पांना बसायचा कट्टा यांची भरपाई कुठल्याच करारात नसते.

२०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पटवर्धनांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं होतं. चित्रांनी एकही चाळ वाचली नाही, हे खरं. पण इथे कोण राहत होतं, हे त्यांच्यामुळे पुसलं गेलं नाही. ही चित्रं मोबाइलवर उघडलीत, तर झूम करा. इमारती नंतर बघा, आधी माणसं शोधा.