नाझी युद्धगुन्हेगारांचे पलायन आणि राष्ट्रांची अनास्था : एक विवेचन

प्रस्तावना :
नोव्हेंबर १९४५ मध्ये न्यूरेंबर्ग येथे नाझी नेत्यांवरील खटल्यास प्रारंभ झाला. या खटल्याने नाझी गुन्ह्यांचा हिशेब पूर्ण झाला, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. प्रत्यक्षात ज्यूंच्या संहारात थेट सहभाग असलेले अनेक अधिकारी युरोपाबाहेर निसटले. ते इतकी वर्षे कसे लपून राहिले, असे नेहमी विचारले जाते. त्यांचा शोध खरोखर घेतला गेला होता काय, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न असून प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

पलायनाचा मार्ग :
ऑस्ट्रियातून आल्प्स ओलांडून इटलीत यावयाचे व जिनोआ बंदरातून दक्षिण अमेरिका गाठावयाची, हा पलायनाचा एक प्रमुख मार्ग होता. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस निर्वासितांना प्रवासपत्रे देत असे. मात्र अर्जदाराची ओळख काटेकोरपणे तपासली जात नसे. रोममधील ऑस्ट्रियन बिशप अलॉइस हुडाल यांच्यासारख्या धर्मगुरूंनी अशा फरारींना साहाय्य केले. अर्जेंटिनातील पेरॉन सरकारचे धोरणही त्यांना अनुकूल होते. ज्यूंना संहारछावण्यांकडे पाठविणाऱ्या यंत्रणेचा सूत्रधार अॅडॉल्फ आइकमान १९५० मध्ये ‘रिकार्डो क्लेमेंट’ या नावाने याच मार्गाने अर्जेंटिनात पोहोचला.

अनास्थेचे स्वरूप :
ऑश्विट्झचा डॉक्टर योसेफ मेंगेल याने १९५६ मध्ये स्वतःच्या खऱ्या नावाने पश्चिम जर्मनीचे पारपत्र मिळविले. ट्रेब्लिंका छावणीचा प्रमुख फ्रान्झ श्टांगल ब्राझीलमध्ये मूळ नावानेच राहून मोटार कारखान्यात नोकरी करीत होता; त्याला १९६७ मध्ये अटक झाली. लिऑनमधील गेस्टापो अधिकारी क्लाउस बार्बी याला तर अमेरिकी लष्करी गुप्तचर विभागाने १९४७ पासून कामावर ठेवले व १९५१ मध्ये बोलिव्हियाकडे रवाना केले. शीतयुद्धात साम्यवादविरोधी माहिती अधिक मोलाची वाटत होती. अमेरिकेने याबद्दल १९८३ मध्ये फ्रान्सकडे दिलगिरी व्यक्त केली.

हेस राज्याचे महाअभियोक्ता फ्रिट्झ बाउअर यांना आइकमानचा ठावठिकाणा समजला, तेव्हा स्वतःच्या देशातील यंत्रणेवर विश्वास नसल्याने त्यांनी ती माहिती इस्रायलला कळविली. मे १९६० मध्ये इस्रायली हेरांनी आइकमानला ब्यूनस आयर्समधून पळवून नेले. अर्जेंटिनाच्या सार्वभौमत्वाचा हा भंग असल्याने प्रकरण सुरक्षा परिषदेपुढे गेले. कायद्याच्या रक्षकांनी वेळीच कर्तव्य बजावले असते, तर न्यायासाठी कायदा मोडण्याचा हा प्रसंग कदाचित उद्भवला नसता.

निष्कर्ष :
गुन्हेगारांच्या चातुर्याइतकीच राष्ट्रांची सोय न्यायाच्या आड आली. आइकमानला १९६२ मध्ये फाशी झाली. श्टांगलला १९७० मध्ये व बार्बीला १९८७ मध्ये जन्मठेप झाली. मेंगेल मात्र १९७९ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर पोहताना मरण पावला आणि परक्या नावाने पुरला गेला. १९८५ मध्ये ती कबर उघडण्यात आली, तेव्हा त्याच्या प्रयोगांतून वाचलेली जुळी भावंडे साक्ष देण्यास हयात होती. आरोपी तेवढा उरला नव्हता.