गुरुग्राममधील प्रोग्रॅमरची कमाई

गुरुग्राममध्ये प्रोग्रॅमरच्या पोटापाण्याची सोय मोटारींच्या कारखान्यामागून आली. डिसेंबर १९८३मध्ये मारुतीची पहिली मोटार येथे तयार झाली. पुढे डीएलएफ या बांधकाम कंपनीने शेतजमिनींवर वसाहती आणि कार्यालयांच्या इमारती उभारल्या. दिल्लीचा विमानतळ जवळ असल्याने परदेशी कंपन्यांना ही जागा सोयीची वाटली.

१९९७मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या वित्तशाखेने येथे सेवाकेंद्र उघडले. तेच २००५पासून जेनपॅक्ट म्हणून ओळखले जाते. तिथले बहुतेक काम हिशेबाचे आणि फोनवरचे असले, तरी ते चालवणाऱ्या संगणकप्रणालीला प्रोग्रॅमर लागतच. त्यांना मिळे तो ठरलेला मासिक पगार. काही जण ठेकेदार कंपनीच्या पटावर राहून दुसऱ्याच कंपनीत काम करत. त्यांची नोकरी प्रकल्पापुरतीच, हे त्या व्यवस्थेतले खरे दुखणे.

गुरुग्रामच्या इंटरनेट कंपन्यांपैकी प्रवासाची तिकिटे विकणारी मेकमायट्रिप २०००मध्ये, तर विमा विकणारी पॉलिसीबझार २००८मध्ये सुरू झाली. अशा कंपन्यांत संकेतस्थळ हेच दुकान असल्याने प्रोग्रॅमरचे वजन वाढले आणि पगारासोबत समभागही मिळू लागले. मात्र कंपनी शेअर बाजारात येईपर्यंत ते बहुधा कागदावरच राहत. मेकमायट्रिप २०१०मध्ये अमेरिकेतील नॅस्डॅकवर, तर घरपोच जेवण देणारी झोमॅटो आणि पॉलिसीबझार २०२१मध्ये भारतीय बाजारांत आल्या. तेव्हा अशा समभागांना रोख किंमत मिळण्याची वाट खुली झाली.