अर्थसंकल्पावरील संसदीय नियंत्रण, भारतातील

कर बसविण्यापूर्वी व सार्वजनिक पैसा खर्च करण्यापूर्वी लोकप्रतिनिधींची संमती घेणे आणि झालेल्या खर्चाचा त्यांना हिशेब देणे, असे या नियंत्रणाचे दुहेरी स्वरूप आहे. भारतात चर्चेचा अधिकार आधी मिळाला. नकाराचा अधिकार मिळण्यास मात्र दीर्घ काळ लागला.

ब्रिटिश अंमलातील पहिला अर्थसंकल्प जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये मांडला व त्याबरोबर प्राप्तिकर आणला. १८९२ च्या कायद्याने विधिमंडळाच्या सदस्यांना अर्थसंकल्पावर भाषण करण्याची मुभा मिळाली, मतदानाची नव्हे. या मर्यादेतच गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ चे आपले प्रसिद्ध भाषण केले. शिलकी अर्थसंकल्प हे रयतेच्या सुबत्तेचे लक्षण नसून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याचा तो परिणाम आहे, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ पासून टप्प्याटप्प्याने उतरून १९०७ मध्ये एक रुपयावर आला. तथापि ही सवलत सरकारच्या इच्छेवर अवलंबून होती. १९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडता येऊ लागले, पण ते सरकारवर बंधनकारक नव्हते.

१९१९ च्या कायद्यान्वये मध्यवर्ती विधानसभेस अनुदानांच्या मागण्यांवर मत देण्याचा अधिकार मिळाला. मात्र संरक्षण, कर्जावरील व्याज इ. बाबी मतदानाबाहेर ठेवण्यात आल्या आणि नाकारलेली मागणी पुन्हा मंजूर करण्याचा अधिकार गव्हर्नर जनरलकडे राहिला. १९२३ मध्ये मिठावरील कर सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्याची तरतूद विधानसभेने फेटाळली, तेव्हा लॉर्ड रेडिंग यांनी ती आपल्या विशेषाधिकाराने अंमलात आणली. नकार अंतिम नसेल, तर मताधिकार किती पोकळ ठरतो, हे या प्रसंगाने स्पष्ट झाले. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपदही शासनाच्या वित्तसदस्याकडेच होते.

१९५० च्या संविधानाने ही स्थिती बदलली. कायद्याच्या प्राधिकाराशिवाय कोणताही कर बसविता वा वसूल करता येत नाही (अनुच्छेद २६५). अनुदानाची मागणी मान्य करणे, नाकारणे किंवा तीत कपात करणे हा लोकसभेचा अधिकार आहे (अनुच्छेद ११३). संचित निधीतून रक्कम काढण्यासाठी विनियोजन अधिनियम लागतो. संचित निधीवर भारित असलेल्या खर्चावर मात्र चर्चा होते, मतदान होत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल लोकलेखा समिती तपासते. तिचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत रूढ झाला. १९९३ मध्ये विभागवार स्थायी समित्या स्थापन होऊन मागण्यांची तपशीलवार छाननी सुरू झाली.

व्यवहारात लोकसभेतील चर्चेसाठी काही मोजकीच मंत्रालये निवडली जातात. ठरलेली वेळ संपताच उर्वरित मागण्या एकत्रितपणे मतास टाकल्या जातात. या पद्धतीस ‘गिलोटिन’ म्हणतात. २०१८ व २०२३ मध्ये सभागृहातील गदारोळात मागण्या चर्चेविनाच मंजूर झाल्या. १८९२ नंतरच्या सदस्यांस चर्चा होती, पण मत नव्हते; अशा वेळी मत असते, पण चर्चा नसते. नियंत्रणाच्या परिणामकारकतेसाठी दोन्हींची सारखीच आवश्यकता आहे.