खिशातली वही आणि खिशातला संगणक

परवा कपाट आवरताना एकाच डब्यात दोन वस्तू सापडल्या. ह्यांची १९८८ सालची खिशातली डायरी, आणि भाच्याने परदेशातून आणलेली तळहाताएवढी इलेक्ट्रॉनिक डायरी.

हे इथेच, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा श्रीगणेशा झाला तो याच वसाहतीत. पाळी कोणती, सोसायटीचा हप्ता किती, माझ्या शाळेच्या परीक्षा कधी, हे सगळं त्या डायरीत बारीक अक्षरात आहे. आजही वाचता येतं. यंत्र मात्र मुकं. सेल संपले, नवे घालायला मला चार दिवस उशीर झाला आणि आतलं सगळं पुसलं गेलं. ह्यांनी शेवटच्या आजारपणात केलेल्या नोंदी त्यातच होत्या.

असो. शिक्षिकेची खोड काही जात नाही. म्हटलं, या यंत्रांची उत्तरपत्रिका तपासूनच बघू!

१९९३ साली अ‍ॅपलचं न्यूटन आलं. माणसाचं हस्ताक्षर वाचायची त्याची प्रतिज्ञा होती, पण ते इतकं चुकीचं वाचायचं की त्याची थट्टाच झाली. १९९६ साली जेफ हॉकिन्स यांचं पाम पायलट आलं. त्याआधी हे गृहस्थ लाकडाचा ठोकळा खिशात घालून फिरत, यंत्र केवढं असावं हे ठरवायला! पामने युक्ती उलटी केली. अक्षरं कशी काढायची हे त्यानेच माणसाला शिकवलं. साधेपणाला पैकीच्या पैकी गुण. पण अक्षरं रोमन. आमचं 'दूध' त्यात इंग्रजी लिपीतच लिहावं लागणार.

भाषेचा प्रश्न मनावर घेतला तो बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीने. २००१ साली त्यांनी सिम्प्युटर दाखवला. तो भारतीय भाषांतला मजकूर वाचून दाखवणार होता. शिवाय प्रत्येकाचं स्मार्ट कार्ड वेगळं, म्हणजे एकच यंत्र गावात अनेकांना वापरता यावं. हेतूला माझे सर्वात जास्त गुण. किंमत नऊ हजारांच्या आसपास ठेवायची होती. २००४ साली बाजारात आला तेव्हा ती दहा ते वीस हजारांत गेली. तोवर मोबाइल स्वस्त होऊ लागले होते. सिम्प्युटर फारसा खपला नाही.

आणि मी ज्याला गुणच दिले नसते, तो गुण सर्वात मोठा निघाला. त्या काळच्या अशा बहुतेक यंत्रांची स्मृती वीज असेपर्यंतच टिकायची. म्हणून तर पामबरोबर एक छोटी बैठक मिळायची. यंत्र तिच्यात ठेवून एक बटण दाबलं की सगळ्याची नक्कल घरच्या संगणकात. आमच्या घरी तेव्हा संगणकच नव्हता. नक्कल काढायची असते हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. आयुष्यभर मुलांना 'नक्कल करू नका' म्हणत आले, तिथेच चुकले म्हणायचं!

आता मोबाइलवर मराठी सहज लिहिता येतं. ह्यांच्या डायरीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून मी मुलांना पाठवला आहे. भाच्यांनो, पुतण्यांनो, तुमच्याकडेही जुनी यंत्रं पडली असतील. त्यात कोणाचं काही लिहिलेलं असेल तर आजच उतरवून घ्या. सेल कोणासाठी थांबत नाहीत.